समुद्रकाठच्या इमारतीला बाहेरून काय लावावं? पश्चिमेची भिंत, झड आणि खारं वारं

खारवारा

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात समुद्रापासून साधारण ४०० मीटरवर तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत उभी राहते आहे. खाली गाळे, वर पर्यटकांसाठी खोल्या. सांगाडा आरसीसीचा, भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. बाहेरचा गिलावा अजून व्हायचाय. पश्चिमेची भिंत १२ मीटर रुंद, ११ मीटर उंच, खिडक्या वजा जाता सुमारे ११२ चौरस मीटर. समोर चार माड सोडले तर आडोसा नाही, त्यामुळे जून ते ऑगस्ट झड थेट भिंतीवर.

दर तीन-चार वर्षांनी परांची बांधून रंग काढायची तयारी नाही. म्हणून बाहेरून क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर वेगळं आवरण, करायचा विचार आहे. आतापर्यंत सुचवलेले पर्याय: एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांचं पॅनेल), एचपीएल (दाबून केलेलं लॅमिनेट शीट), फायबर सिमेंट बोर्ड, विट्रिफाइड टाइल, जांभ्याची पातळ फरशी आणि एकाने तर सरळ रंगीत पत्रा. प्रत्येक जण आपलाच माल 'मेंटेनन्स फ्री' म्हणतो.

विचारायचंय ते असं: खाऱ्या हवेत खरोखर कमी देखभालीचं काय? चारही बाजूंना लावावं की फक्त पश्चिमेला? आणि क्लॅडिंग करणार असू तर त्यामागचा बाहेरचा गिलावा वाचवता येईल का?

ओळंबा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते. गिलावा वाचवू नका. क्लॅडिंग म्हणजे छत्री. छत्रीतूनही थोडं पाणी आत येतंच, ते अडवायचं काम मागच्या भिंतीचं. दोन हातांचा गिलावा हवा: पहिला १२ ते १५ मिमी, दुसरा ६ ते ८. आरसीसी आणि चिरा जिथे मिळतात तिथे आधी चिकन मेश (बारीक तारेची जाळी), दोन्ही बाजूंना किमान १५० मिमी जाईल अशी. वाळू नदीची किंवा प्लास्टरची क्रश सँड. खाडीची वाळू अजिबात नको, लोणा (पांढरा क्षार) भिंतीतूनच बाहेर येतो. पश्चिमेला या गिलाव्यावर वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, पण वाफ बाहेर सोडणारं कोटिंग घ्या. चिरा सच्छिद्र असतो. भिंतीतली ओल बाहेरून कोंडली की ती आतल्या रंगाचे पोपडे काढते.

आता कुठे लावायचं ते. चारही बाजूंना नको. पश्चिम पूर्ण, आणि दक्षिणेच्या भिंतीचा पश्चिमेकडचा दोन-अडीच मीटरचा पट्टा. नैर्ऋत्येचा वारा कोपऱ्याला वळसा घालून तिथेही झड मारतो. बाकी भिंतींना ६०० मिमीचे छज्जे आणि चांगला ॲक्रिलिक रंग पुरतो. छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेपासून २५ मिमी आत १०-१२ मिमीची ड्रिपची खाच काढून घ्या. ती नसली की पाणी छज्ज्याच्या पोटावरून चालत भिंतीला येतं आणि पहिल्याच पावसात काळे ओघळ उमटतात. गच्चीच्या पॅरापेटवरच्या (कठड्याच्या भिंतीवरच्या) फरशीचा उतार बाहेर नव्हे, आत गच्चीकडे. ही दोन कामं नीट झाली तर निम्मी देखभाल तिथेच वाचते, आणि खर्च नगण्य.

साहित्य म्हणाल तर या जागेला माझी पसंती फायबर सिमेंट बोर्डला, पण भिंतीला चिकटवून नव्हे. मागे ३० ते ४० मिमी हवेची फट सोडून. बोर्ड आयएस १४८६२ या भारतीय मानकातला 'ए' प्रकारचा, म्हणजे उघड्यावर चालणारा. आतल्या पार्टिशनचा बोर्ड दिसायला तसाच असतो आणि स्वस्त पडतो, म्हणून बिल आणि बोर्डच्या पाठीवरचा शिक्का दोन्ही बघा. जाडी १० मिमी. वजन चौरस मीटरला १४-१५ किलो, सांगाड्याला जाणवतही नाही.

खरा पैसा आणि खरी गोम मागच्या सांगाड्यात आहे. फॅब्रिकेटर एमएसचे (साध्या लोखंडाचे) पाइप रेड ऑक्साइड मारून लावतो. समुद्राजवळ ते आतून कुजतात आणि बोर्ड शाबूत असताना सगळं उतरवावं लागतं. तुमच्याकडे ॲल्युमिनियमचेच सेक्शन (६०६३-टी६) आणि ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू व बोल्ट. ३०४ वर खाऱ्या हवेत चहासारखे तपकिरी डाग येतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते टिकतं. ४१० चे सेल्फ ड्रिलिंग स्क्रूसुद्धा 'स्टेनलेस' म्हणूनच विकतात. ते गंजतात, घेऊ नका. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट थेट सिमेंटला टेकवायचा नाही, मध्ये ईपीडीएम रबराचा किंवा नायलॉनचा तुकडा. ओलं सिमेंट अल्कलाइन असतं, ॲल्युमिनियम खातं.

ब्रॅकेट चिऱ्यात ठोकताना सांभाळा. नेहमीचा एक्स्पान्शन फास्टनर आवळला की जांभा आतल्या आत फुटतो आणि बोल्ट फिरत राहतो. वजन शक्यतो आरसीसी बीमवर लटकवा. मध्ये वाऱ्यासाठी मीटर-सव्वा मीटरवर केमिकल अँकर (भोकात केमिकल भरून पक्का होणारा बोल्ट), जाळीच्या स्लीव्हसह. स्लीव्ह नसेल तर केमिकल चिऱ्याच्या पोकळीत वाहून जातं. काम सुरू होण्याआधी चार-पाच अँकर लावून ते ओढून तपासायला लावा. ही पुल-आउट टेस्ट अँकर विकणारी कंपनीच बहुधा करून देते.

मोजमाप तुमच्या भिंतीसाठी: उभ्या पट्ट्या ६०० मिमीवर म्हणजे २१ ओळी, गुणिले ११ मीटर, २३१ मीटर. खिडक्यांभोवतीचं धरून २६५ मीटरची ऑर्डर द्या. कोपऱ्यापासून दीड मीटरच्या पट्ट्यात वाऱ्याचं शोषण जास्त असतं, तिथे अंतर ४०० करा. निसर्ग वादळात (जून २०२०) रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर छपरांचं जे झालं ते ध्यानात ठेवा, आणि कोपऱ्यातले अँकर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. बोर्ड १२२० बाय २४४० चा, म्हणजे जवळपास ३ चौरस मीटर. ११२ ला ३८ लागतात, कापाकापी धरून ४३.

तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी थंड पहाटेपासून उन्हाच्या तडाख्यापर्यंत सुमारे ३ मिमी लांबते. म्हणून प्रत्येक पट्टीला एकच पक्का बिंदू, बाकी ब्रॅकेटना लांबट भोकं. दोन पट्ट्यांमध्ये १० मिमी जागा, आणि त्या जागेवरून बोर्ड आडवा न्यायचा नाही. बोर्डाबोर्डांत ८ मिमी फट उघडी ठेवा, मागे काळी ईपीडीएम पट्टी. सिलिकॉन भरू नका. सिलिकॉन भरलं की दर काही वर्षांनी परांची आलीच, जी तुम्हाला नकोय. बोर्डाची भोकं स्क्रूपेक्षा दीड-दोन मिमी मोठी, कडेपासून १५-२० मिमी आणि कोपऱ्यापासून ५० मिमी आत. कापलेल्या प्रत्येक कडेला त्याच दिवशी प्रायमर. ही एक गोष्ट साइटवर हमखास राहते, आणि दोन पावसाळ्यांनी बोर्डाच्या कडा फुगून पदर सुटतात ते यामुळेच.

चिरेबंदी

ओळंबा यांचं बरंचसं मान्य, पण कोकणात बसून जांभ्याला बगल का द्यायची? तळमजल्यापुरता तरी विचार करा. चांगला पिकलेला, गडद तांबडा, पांढऱ्या मातीच्या गाठी नसलेला चिरा उघडा ठेवला तर उन्हापावसात कठीण होतो. फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, सिमेंटने नीट भरलेल्या हव्यात, आणि त्या बाहेर न काढता दगडाच्या किंचित आत दाबून. झड दगडातून कमी आणि दर्जांमधून जास्त शिरते.

उघड्या चिऱ्यावर चकचकीत लॅकर मारायची फॅशन आलीय. ती टाळा. दोन पावसांत लॅकरखाली पांढुरके चट्टे पडतात आणि पापुद्रे निघतात. मग ते खरवडून काढण्यापलीकडे इलाज नाही. त्याऐवजी सिलेन-सिलॉक्झेनचं पारदर्शक पाणीरोधक. ते दगडात मुरतं, वर थर राहत नाही, दगडाला श्वास घेता येतो. मारायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, भिंत ठणठणीत कोरडी असताना. ओला हात सुकायच्या आत दुसरा. दर चार-पाच वर्षांनी परत. शेवाळ तरी थोडं येणारच, ते जांभ्यावर वाईटही दिसत नाही.

जांभ्याची २०-२५ मिमीची कापलेली फरशी वरच्या मजल्यांना मात्र नको. कडा ठिसूळ, पाणी पितात, ओली झाली की वजन वाढतं, आणि चिकटवलेल्या फरशीमागे साठलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. जोत्यालाही नको, तिथे जमिनीतली ओल वर चढते आणि क्षार फरशीच्या पाठीत फुलून तिला ढकलतात. जोत्याला ६०० मिमी उंचीपर्यंत फ्लेम फिनिशचा (खरखरीत पृष्ठभागाचा) ग्रॅनाइट लावा. त्याला काहीही होत नाही.

कडप्पा, शहाबाद, कोटा हे सगळे चुन्याचे दगड. बाहेर लावले तर पॉलिश जातं, काळा कडप्पा राखाडी होतो. आणि कामगार सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारतो, त्यात दगडच खाल्ला जातो. २० मिमी ग्रॅनाइट चौरस मीटरला ५४ किलो भरतो. पहिल्या मजल्याच्या वर असलं वजन फक्त चिकटवणाऱ्या केमिकलवर सोडणं म्हणजे खालून जाणाऱ्याच्या डोक्याचा जुगार. लावायचाच तर ३० मिमी जाडी आणि कडेत भोक पाडून ३१६ चे पिन-क्लॅम्प. तेव्हा वजन ८१ किलोवर जातं, आणि तो हिशेब बीमच्या डिझाइनमध्ये आधीच धरलेला लागतो. तुमच्या बीम ओतून झाल्यात, त्यामुळे वरच्या मजल्यांसाठी दगड बाद.

पत्राबिनपत्रा

एसीपी खोल्या भाड्याने द्यायच्या इमारतीला लावूच नका. निदान स्वस्तातलं तर नाहीच. दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये जो गाभा असतो तो साध्या शीटमध्ये पॉलिथिनचा असतो, म्हणजे जळणारं प्लास्टिक. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं गेली. तिथे आग बाहेरच्या अशाच पॅनेलवरून वर चढली. मागची हवेची फट धुराड्याचं काम करते. फट फायबर सिमेंटच्या मागेही असते, पण तो बोर्ड स्वतः जळत नाही. तरीही प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला फट अडवणारी आडवी फायर स्टॉपची (आग अडवणारी) पट्टी घ्या, तीही न जळणारी. एफआर (आगरोधक) लिहिलेला एसीपी घेणार असाल तर नमुन्याचा तुकडा मागा, गाभा सुरीने खरवडा. पॉलिथिनची मेणासारखी सलग साल निघते, खनिज भरलेल्याचा भुगा पडतो. अर्थात हा नुसता अंदाज, खात्री टेस्ट सर्टिफिकेटवरूनच.

एचपीएलला आगीचा प्रश्न कमी-जास्त तसाच, ग्रेड बघावी लागते. पश्चिमेच्या उन्हात गडद लाकडी रंग फिके पडतात. ६ मिमीचं शीट मागे हवा नसेल तर ताटलीसारखं वाकतं. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा मिसळलेलं प्लास्टिक) आणि पीव्हीसीचे लूव्हर (पट्ट्या) म्हणाल, तर दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ. वानरं उड्या मारतात त्या घरांवर तर विचारूच नका.

राहिला पत्रा. ज्याने सुचवला त्याला हसू नका. कोकणात पावसाच्या भिंतीला पूर्वी झावळ्यांचे झाप लावायचे, आता पत्रा लावतात, आणि तो चालतो. गॅल्व्हल्यूम, म्हणजे ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असा लेप दिलेला पोलादी पत्रा, लेप एझेड १५० वर्गाचा, जाडी ०.५ मिमी, वर पीव्हीडीएफ (उन्हात टिकणारा) रंग. त्याहून चांगला ॲल्युमिनियमचा ०.७ मिमी, कारण त्याच्या कापलेल्या कडेला तांबेरा येत नाही. नळ्या उभ्या ठेवा, आडव्या नळ्यांच्या खाचांत मीठ आणि धूळ साठते. पत्रे उत्तरेच्या टोकाकडून लावायला सुरुवात करायची, म्हणजे प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. कटरमशीन वापरू देऊ नका. ठिणग्या रंगात रुततात आणि महिन्याभरात गंजाचे तीळ दिसतात. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडून कापणारं यंत्र). स्क्रू भिंतीवर नळीच्या खोलगट भागात, छपरासारखा वरच्या उंचवट्यावर नाही.

खारवारा

सगळ्यांचे आभार. वरच्या तीन मजल्यांना बोर्ड आणि तळमजल्याला उघडा चिरा हे पटतंय. पण ठेकेदार अजून टाइलवर अडून बसलाय: ६०० बाय १२०० ची विट्रिफाइड, "केमिकलने चिकटवतो, जन्मभर बघायला नको." त्याला काय सांगू? आणि बोर्ड केले तर वर्षाला नेमकं काय काम राहील?

सांधेवाली

टाइल बाहेरच्या भिंतीला चालतच नाही असं नाही, पण त्याचे नियम पाळणारा ठेकेदार मिळत नाही. विट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याच्या आत पाणी शोषते. तिला सिमेंटचा गिलावा धरत नाही, नुसता टेकतो. म्हणून बाहेर सी२टीई एस१ वर्गाचं लवचिक ॲडहेसिव्ह लागतं. त्यातल्या सी२ चा अर्थ चिकटण्याची ताकद चौरस मिलिमीटरला किमान १ न्यूटन. पण ती ताकद ज्या गिलाव्यावर टेकणार तो गिलावाच त्याआधी सुटला तर टाइल गिलाव्यासकट खाली येते. टाइल पडलेल्या भिंती जवळून बघा: पाठीला चिकटून आलेला गिलावा दिसेल, नाहीतर अगदी स्वच्छ पाठ आणि तिच्यावर भट्टीची पांढरी पावडर. ती पावडर ओल्या फडक्याने पुसून मगच टाइल लावायची असते. कोणी पुसत नाही.

६०० बाय १२०० तर तीन मजल्यांच्या पश्चिमेच्या भिंतीला नकोच. पाहिजेच असेल तर ३०० बाय ६०० च्या आत, फिका रंग. ॲडहेसिव्ह १० मिमीच्या दातेरी थापीने भिंतीला, आणि टाइलच्या पाठीलाही एक हात. पाच ठिपके देऊन चिकटवणं म्हणजे मागे पाण्याच्या टाक्या बांधणं. सांधे ४-५ मिमी. दर मजल्याला बीमच्या रेषेत आणि आडवं दर ३ मीटरवर गिलाव्यापर्यंत खोल मूव्हमेंट जॉइंट, त्यात पॉलियुरेथेन सीलंट. तो सीलंट काही वर्षांनी बदलावा लागतो, म्हणजे 'जन्मभर बघायला नको' तिथेच संपलं. त्याला एकच विचारा: मूव्हमेंट जॉइंट कुठे देणार, ते नकाशावर काढून दे. उत्तर आलं नाही तर विषय मिटला.

आता बोर्डाची वार्षिक कामं. ऑक्टोबरमध्ये एकदा आणि मे महिन्यात एकदा गोड्या पाण्याने धुवायचं. साधा बागेचा पाइप आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश, जेट मशीन नको. जोर द्यायचा तो छज्ज्याखाली आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात. उघड्या भागावरचं मीठ पाऊस धुतो, आडोशाला ते साचत राहतं, म्हणून गंज आणि डाग सुरू होतात ते तिथून. फटीच्या तळाची आणि माथ्याची जाळी बघायची. जाळी भोकाच्या ॲल्युमिनियम पट्टीची घ्या, ३-४ मिमीची भोकं. ती नसेल तर गांधीलमाशा आणि उंदीर मागे संसार थाटतात. आणि ती प्लास्टरने बुजलेली नसावी, वारा तिथूनच आत जातो. रंगीत कोटिंग केलेला बोर्ड घेतला तर फेररंगाचा प्रश्न बराच लांबतो. साधा बोर्ड घेऊन साइटवर रंगवलात तर सात ते दहा वर्षांनी एक हात धरा. साइटवर रंगवणार असाल तर पाठीलाही प्रायमर, बोर्ड चढवण्याआधी.

ओळंबा

टाइलबद्दल याला जोडायला काही नाही. खिडक्यांचं राहिलं होतं.

गळती भिंतीतून येण्याआधी खिडकीच्या चौकटीतून येते, म्हणून क्रम असा ठेवा: कोटिंग, मग खिडकीची चौकट, मग खालचा ग्रॅनाइटचा सिल (खिडकीखालची फरशी), मग ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, शेवटी बोर्ड. सिलला बाहेर उतार, आणि तो बोर्डच्या पृष्ठभागापासून ३०-४० मिमी पुढे यायला हवा. आता फट, पट्टी आणि बोर्ड मिळून भिंत जवळपास १०० मिमीने जाड होणार आहे, हा आकडा सिल कापायच्या आधी गवंड्याला द्या. नाहीतर सिल बोर्डच्या आत लपतो आणि सगळं पाणी बोर्डच्या पाठीमागे सोडतो. सिलची दोन्ही टोकं १५-२० मिमी वर उचललेली असावीत. खिडकीच्या माथ्यावर झेड आकाराची ॲल्युमिनियम फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पट्टी): वरची बाजू कोटिंगखाली घातलेली, खालची बाजू बोर्डच्या पुढे १० मिमी.

बोर्ड एकाच बॅचचे घ्या आणि तीन जादा ठेवा, गाळ्यात आडवे, पॅलेटवर. पुढे एखादा फुटला तर त्या रंगाचा नवा मिळेलच असं नाही. वॉरंटीच्या कागदावर समुद्रापासूनच्या अंतराची अट असते का ते ऑर्डर देण्याआधी वाचा. ४०० मीटर हे अंतर लेखी कळवून त्यांचं उत्तर ईमेलवर मागवा. आणि अँकरची भोकं मारायच्या दिवशी भिंतीवर एसीच्या कॉपर पाइपची, गीझरच्या आउटलेटची, सीसीटीव्हीच्या वायरची जागा खडूने आखून ठेवा. बोर्ड चढल्यावर तिथे ड्रिल घेऊन येणारा इलेक्ट्रिशियन कापलेल्या कडेला प्रायमर लावणार नाही.